सिंहगड–राजगड–तोरणा एका दिवसात: घरच्यांच्या आणि मित्रांच्या मदतीची आखणी

सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून पहाटे निघावे, गड चढून कल्याण दरवाजाने पलीकडे उतरावे, डोंगरधारेने विंझर गाठावे, तिथून गुंजवणे, राजगड, संजीवनी माचीपुढची लांबलचक धार आणि शेवटी तोरणा पार करून वेल्ह्यात उतरावे, ही ट्रेकर मंडळींच्या चांगल्या ओळखीची वाट आहे. ते ती सवडीने दोन-तीन दिवसांत करतात. धावणाऱ्याला ती एका दिवसात पुरी करायची असते. वाट कशी निवडली त्यानुसार अंतर ५० किलोमीटरच्या आसपास भरते, पण इथे किलोमीटरपेक्षा चढउताराचा हिशोब महत्त्वाचा आहे, कारण तिन्ही गडांचे माथे समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर आहेत आणि सिंहगड व राजगड यांच्यामध्ये पार गावांपर्यंत खाली यावे लागते. एखाद्या आयोजित स्पर्धेत धावणार असाल, तर बाहेरच्या माणसांची मदत कुठे घेता येते आणि कुठे घेतल्यास बाद ठरवतात, हे नियमांत आधी वाचावे. पुढचे सर्व लिखाण स्वतः आखलेल्या, घरच्यांच्या आणि मित्रांच्या भरवशावर केलेल्या धावण्याविषयी आहे.

सरावाबद्दल इथे फारसे लिहीत नाही. ज्याने पाठीवर पाणी घेऊन सात-आठ तास डोंगरात काढलेले नाहीत, त्याने या वाटेची तारीख ठरवू नये, एवढे पुरे. मात्र सराव उत्तम झालेला असतानाही माणसे गुंजवण्यात गाडीत बसून घरी परततात, आणि त्यामागे पायांपेक्षा मदतीतला गोंधळ अधिक वेळा असतो, असे माझे मत आहे. माझा पहिला प्रयत्न तसाच फसला होता. गुंजवण्यात दोन गाड्यांतून नऊ माणसे आली होती. मावशीने थालीपीठांचा डबा उघडला, काकांनी गुडघ्यावर कोणते तेल चोळावे ते सांगितले, दोघांनी फोटो काढले, आणि मी खुर्चीत तब्बल चाळीस मिनिटे बसून राहिलो. हेडटॉर्चची पिशवी भलत्याच गाडीत राहिल्याचे निघायच्या वेळी लक्षात आले. सगळ्यांच्या मनात माया होती, पण कोणाकडेही नेमून दिलेले काम नव्हते, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता.

म्हणून पहिले काम माणसे मोजकी ठेवण्याचे आणि प्रत्येकाला एकच काम देण्याचे आहे. चार माणसे पुरतात. एक जण गाडी चालवतो आणि गाडीशिवाय दुसऱ्या कशाचीही काळजी करत नाही. दुसरी व्यक्ती वही सांभाळते, म्हणजे धावणारा किती वाजता आला, काय खाल्ले, किती पाणी प्याला, लघवीला गेला का, किती वाजता निघाला, हे लिहिते. या कामाला घरातली सर्वांत शिस्तीची व्यक्ती निवडावी, आमच्याकडे ती बायको आहे. तिसरा खाणे-पाणी आणि पिशव्या पाहतो. चौथा, डोंगराची सवय असलेला मित्र, शेवटच्या टप्प्यात सोबत चालतो-धावतो. बाकीच्या आप्तांना वेल्ह्यात संध्याकाळी बोलवावे. तिथे त्यांच्या येण्याचा आनंदही होतो आणि कोणाचा खोळंबाही होत नाही.

दुसरे काम वेळेच्या तक्त्याचे. तो मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर लिहावा आणि त्याच्या प्रती गाडीत व प्रत्येकाच्या खिशात असाव्यात, कारण या डोंगरांत जागोजागी रेंज जाते. प्रत्येक ठिकाणासाठी तीन वेळा लिहाव्यात: लवकरात लवकर, अपेक्षित आणि उशिरात उशिरा. डिसेंबरातल्या माझ्या दुसऱ्या प्रयत्नात पहाटे चारला आतकरवाडीतून निघून आठच्या सुमारास विंझर, साडेनऊला गुंजवणे, अकराला राजगडाची पद्मावती माची, दोनला राजगड-तोरणा धारेवरची डांबरी रस्त्याची खिंड आणि साडेपाचला तोरणा, असा तक्ता होता. आलेल्या वेळा त्याहून पाऊण तासाने पुढे सरकल्या, पण तिसऱ्या रकान्याच्या आत राहिल्याने कोणी घाबरले नाही. तिसरी वेळ उलटल्यावर काय करायचे, तेही त्याच कागदावर लिहावे: किती वेळ थांबायचे, कोणी कोणत्या बाजूने वर चालत जायचे, आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर केव्हा फोन करायचा.

गाडीच्या मार्गाचीही एकदा रंगीत तालीम करावी. धावणारा सिंहगडावरून कल्याण दरवाजाने उतरत असताना गाडीला डोणजे, खानापूर, पाबे घाट असे फिरून विंझरच्या बाजूला यावे लागते. घाट वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावे, नाहीतर धावणाऱ्याआधी त्यांचीच शुश्रूषा करण्याची वेळ येते. पेट्रोल शहरातून निघतानाच भरून घ्यावे. गावात गाडी लावताना कोणाच्या अंगणासमोर किंवा बैलगाडीच्या वाटेत लावू नये, आणि पहाटे-सकाळी गाडीतली गाणी बंद ठेवावीत.

मदतीची ठिकाणे ही वाटच ठरवते. विंझरला फक्त पाणी भरावे आणि कोरडे मोजे घालावेत; पाच मिनिटांत निघावे. गुंजवण्याचा थांबा मोठा, कारण पुढे राजगडाच्या चोर दरवाजाची खडी चढण आहे. राजगडावर गाडी जात नाही, त्यामुळे पद्मावती माचीवर मदत हवी असेल, तर एखाद्या तरुण भाच्या-पुतण्याने पाली गावाकडून, म्हणजे तुलनेने सोप्या राजमार्गाने, वेळेआधी तासभर वर येऊन बसावे. गडावर पाण्याची टाकी आहेत, पण ते पाणी गाळून आणि शुद्ध करूनच प्यावे. यानंतर संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरल्यावर जी धार लागते, तिथेच या दिवसाचा खरा कस लागतो. ऊन डोक्यावर असते, सावली तुरळक असते, पायाखाली घसारा असतो आणि ढोरवाटा चुकवतात. धारेवरच्या एखाद्या झोपडीत ताक किंवा सरबत मिळते, नाही असे नाही, परंतु त्यावर हिशोब बांधू नये. राजगड सोडताना पाठीवर किमान दोन लिटर पाणी हवे. वाटेची फाइल मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्यावी, जेणेकरून रेंज नसतानाही नकाशा दिसेल.

ही धार मध्येच एका खिंडीत डांबरी रस्त्याला भेटते, आणि वेल्ह्याकडून गाडी तिथवर येऊ शकते. मदतीच्या दृष्टीने ही जागा सोन्याच्या मोलाची आहे. इथे पोहोचलेला माणूस बहुधा वाकून बुटाची नाडीही सोडू शकत नाही. माझ्या भावाने मातीत मांडी घालून माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, मोजा काढला, टाचेवरचा फोड पाहिला, ओल्या फडक्याने पाय पुसला, पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्तमानपत्राने वारा घातला, मग फोडावर चिकटपट्टी लावून तिचे कोपरे कात्रीने गोल कापले आणि बोटांमध्ये व्हॅसलीन चोळून नवा मोजा चढवला. सहा मिनिटे लागली. कोपरे गोल कापण्याचे कारण असे की चौकोनी पट्टी मोज्यात गुंडाळली जाते आणि तिचाच नवा फोड होतो. हे सगळे घरी, खुर्चीवर बसून, दोनदा तरी करून पाहावे; पहिला प्रयोग खिंडीत नको.

खाण्याबाबत नियम साधा आहे: सरावात जे पचले तेच द्यावे. इतक्या लांबच्या धावण्यात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. ज्यांनी पोटाला तशी सवय लावली आहे ते अधिकही घेतात. मध्यम आकाराचे दोन खजूर आणि मीठ लावलेला एक उकडलेला बटाटा यांत ताशी वाटा बऱ्यापैकी निघतो. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, केळे, मऊ दहीभात, कोकम सरबत, हे सर्व चालते; तळलेले आणि तिखट टाळावे. दुपारनंतर गोडाचा वीट येतो, हे लक्षात ठेवून खिंडीत खारट काहीतरी तयार असावे, मला तिथे मीठ घातलेली भाताची पातळ पेज लागते. मदतनीसाने ‘काय खाणार?’ असे विचारू नये, कारण थकलेल्या माणसाचे उत्तर ‘काही नको’ हेच असते. दोन वाट्या समोर धराव्यात आणि ‘यातले कोणते?’ असे विचारावे.

पाणी पाजताना मायेपोटी एक चूक सर्रास होते. नुसते साधे पाणी भरमसाट पाजल्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण खाली येते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात आणि बघणाऱ्याला ती पाणी कमी पडल्याची वाटून तो आणखी पाणी पाजतो. म्हणून तहानेप्रमाणे प्यावे, पाण्यासोबत खारट खाणे चालू ठेवावे आणि ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापातच कालवावे. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी धावताना देऊ नये. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

थांबायचे की पुढे जायचे, हा निर्णय कोणाचा, ते घरूनच ठरवून निघावे, आणि तो अधिकार एकाच माणसाला द्यावा. धावणारा स्वतः त्या क्षणी विश्वासार्ह नसतो. माझ्याबाबतीत तो अधिकार वही सांभाळणाऱ्या बायकोकडे असतो. ती खिंडीत मला दोन प्रश्न विचारते: गाडीचा नंबर काय आणि या महिन्याचे दुधाचे बिल किती झाले. दुसऱ्याचे उत्तर मला एरवीही येत नाही, त्यामुळे ‘मला काय माहीत’ असे मी चिडून म्हटले की ती समाधानाने वहीत खूण करते. मात्र तासभर काहीही पोटात टिकत नसेल, लघवी बराच काळ झालेली नसेल किंवा चहाच्या रंगाची असेल, पाय झोकांड्या खात असतील, छातीत दुखत असेल किंवा उन्हातही कापरे भरत असेल, तर चर्चा न करता गाडीत बसवावे आणि रुग्णालय गाठावे. नुसता कंटाळा, रडू येणे, ‘आता होत नाही’ असे म्हणणे, ही थांबण्याची कारणे नाहीत. अशा वेळी दहा मिनिटे बसवावे, काहीतरी खायला घालावे आणि उठवावे.

खिंडीपासून पुढे एकटे जाऊ नये. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना हाताचा आधार घेत चढावे लागते, शिवाय बिनी दरवाजातून वेल्ह्याची उतरण बहुधा अंधारातच करावी लागते. सोबत्याने पुढे धावून वेग वाढवायला लावू नये. चढावर दोन पावले मागे आणि उतारावर दोन पावले पुढे राहावे, म्हणजे पाय घसरल्यास त्याचा उपयोग होतो. दोघांकडे स्वतंत्र हेडटॉर्च आणि जादा बॅटरी असावी. गडकिल्ल्यांच्या कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर, डिओ लावू नये, वाटेत धूर करू नये, आणि आरडाओरडाही टाळावा.

मदतनीसांचीही सोय पाहावी लागते, आणि ती आपणच आदल्या दिवशी लावावी. त्यांच्यासाठी वेगळा डबा, थर्मासमध्ये चहा, टोप्या, सतरंजी आणि पहाटेसाठी स्वेटर गाडीत ठेवावेत. ते उपाशी राहिले की चिडचिड होते आणि ती नेमकी खिंडीत बाहेर पडते. सर्व कचरा ठेवण्यासाठी मोठी पिशवीही त्यातच असावी.

वेल्ह्यात पोहोचल्यावर धावणाऱ्याने लगेच आडवे होऊ नये. पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे, घामाचे कपडे बदलावेत, पांघरूण घ्यावे आणि घोट घोट काहीतरी गरम प्यावे. परतताना त्याने गाडी चालवायची नाही, हे सर्वांना पटते. पण चालकही पहाटे तीनपासून जागा असतो, हे मात्र सगळे विसरतात. म्हणून खिंडीतला थांबा आटोपला की चालकाला सक्तीने झोपवावे. माझा मेहुणा त्या दिवशी गाडी वेल्ह्यात लावून देवळाच्या ओट्यावर, तोंडावर उपरणे घेऊन, दोन तास गाढ झोपला होता, आणि मी लंगडत तिथे पोहोचलो तेव्हा तो डोळे चोळत उठला आणि त्याने पहिला प्रश्न केला, “किती वाजले? माझा चहा कुठे आहे?”