वडशाच्या सीझनमध्ये नाचायचं तर

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, नाचायला येताय ना पोरींनो, आधी पाय सांभाळा. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं गाव. आपला सीझन दिवाळीनंतरचा, मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांचा (बैलांच्या शर्यतींचा). नाटक पहाटेपर्यंत चालतं, थंडी हाडात शिरते. पोटऱ्या कोमट तेलाने चोळल्याशिवाय घुंगरू बांधू नका. मी एकदा बांधले, पोटरीत गोळा आला, अख्खी लावणी एका पायावर काढली. पब्लिकला वाटलं नवीन स्टेप आहे!

नाईटचा (एका प्रयोगाचा) दर, गाडीभाडं, जेवण वहीत लिहून सही घ्या. तोंडी बोलण्यावर माझ्या तीन नाईट बुडाल्या.

दंडारीची, म्हणजे आपल्या जुन्या लोकनाट्याची, चाल म्हाताऱ्यांकडून शिका, नाच स्वतः बसवा. त्याचे पैसे वेगळे मागता येतात. माझी नाचाची निम्मी जुळणी धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधीतच होते, चिखलात ठेका बरोबर सापडतो.

प्रत्येक प्रयोगाचं पत्रक, पेपरातलं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. म्हातारपणी सरकारच्या कलाकार मानधनाला अर्ज करताना हेच पुरावे लागतात. दोन जुन्या नर्तकींकडे काहीच नव्हतं, त्यांच्यासाठी गावोगाव फिरून पत्रकं मीच शोधतेय. गावात कोणी नाक मुरडलं तर सांगा, याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली.