बजीला धाप लागली तर आधी शेपटी मोजा, मग धावपळ करा

आपल्याकडे ज्याला सगळे लव्हबर्ड म्हणून विकतात तो खरं तर बजी असतो, ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा आणि अंगाने जाडजूड. नावात काय ठेवलंय असं वाटेल, पण डॉक्टरला फोनवर सांगताना फरक पडतो कारण बजी भरतो जेमतेम 30-40 ग्रॅम आणि औषध वजनावरच ठरतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे जळगावला भरीत पार्टी होती, अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला टाकली आणि धूर सगळा गॅलरीत, जिथे टिल्लूचा पिंजरा टांगलेला. कोणाच्या लक्षातच नाही आलं. अर्ध्या तासाने बघतो तर हा दांडीवर फुगून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर, हापशीच्या दांड्यासारखी. आजी म्हणे "त्याले थंडी वाजी ऱ्हायनी", आणि मी पण तेच समजलो. चूक तिथेच झाली.

तर बघायचं काय? पक्षी शांत बसलेला असताना शेपटी ठळक हलतेय का ते बघा. पिंजऱ्याजवळ उभं राहू नका, लांबून बघा, माणूस जवळ आला की आजारी बजी पण ताठ बसून ठणठणीत असल्याचं नाटक करतो (दाणे खाल्ल्यासारखं करतो पण नुसती टरफलं उडवतो, हे पण नाटकच). मोबाईलचं घड्याळ लावून 15 सेकंद शेपटीचे झटके मोजा आणि 4 ने गुणा. निरोगी असतानाच दोन-तीनदा मोजून कुठेतरी लिहून ठेवलं तर उत्तम, कारण प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असतो आणि आजारपणात तुलनेला तोच कामाला येतो. उडून आल्यावर धाप लागणं नॉर्मल आहे पण ती दोन-चार मिनिटात बसायला हवी. एक पाय पोटात घेऊन फुगून झोपला तर बहुतेक वेळा काळजी नको, पण भर दिवसा दोन्ही पायांनी दांडी पकडून फुगून पेंगतोय तर मला ते अजिबात आवडत नाही.

चोच उघडी ठेवून श्वास, मान वर ताणणं, श्वासासोबत टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज, आवाज अचानक बसणं, नाकावरची पिसं ओली किंवा चिकटलेली, हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला असेल तर दिवस पण नाही, लगेच.

आता करायचं काय. पहिली गोष्ट म्हणजे मुठीत पकडू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे झालं तरच हवा आत जाते, म्हणून प्रेमाने का असेना पण छाती आवळली की श्वासच बंद. दुसरं, धूर शोधा आणि पक्षी तिथून हलवा. भरताचा धूर, काळा मसाला भाजताना आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका, अगरबत्ती, डासांची कॉईल, रूम फ्रेशनर, घरातला रंग. सगळ्यात वाईट म्हणजे गॅसवर विसरलेला रिकामा नॉनस्टिक तवा, त्याची वाफ आपल्याला जाणवत पण नाही आणि पक्षी मिनिटात जातो, आमच्या घरात तो तवा आता नाहीच.

मग एका चपलेच्या बॉक्सला भोकं पाडा, खाली साधा कागद किंवा रुमाल, एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, म्हणजे गरम झालं तर तो दुसरीकडे सरकू शकेल. आत 28-30 डिग्री पुरे. धुळ्यात थंडीची लाट आली की रात्री हे फार लागतं. पण मे महिन्यात पारा 44 ला असताना पिशवी ठेवू नका रे बाबांनो! तेव्हा पंख अंगापासून लांब धरून चोच उघडून बसलाय म्हणजे उन्हाचा त्रास, त्याला सावलीत न्या आणि पायांना साधं पाणी लावा, बर्फाचं नको. कूलरचा झोत पण थेट नको, आणि कूलरचं जुनं गवत कुबट वास मारत असेल तर बदलाच, त्यावर बुरशी धरते आणि बुरशी पक्ष्याच्या फुफ्फुसात बसली की बरी व्हायला महिने लागतात. बाजरी-राळ्याला ओलसर वास येत असेल तर तेही फेका.

चोचीत ड्रॉपरने पाणी, मध, हळद काही टाकायचं नाही, धाप लागलेल्या पक्ष्याच्या ते श्वासनळीत जातं. माणसाच्या सर्दीची गोळी चुरून तर नाहीच. आणि गुरांच्या औषधांच्या दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून घरी थेंब टाकणारे बरेच भेटतात, किडे असतील तर औषध तेच असू शकतं पण 35 ग्रॅमच्या जीवाला म्हशीच्या बाटलीतला थेंब किती होतो त्याचा हिशोब डॉक्टरलाच करू द्या.

आपल्याकडचे बहुतेक दवाखाने गाई-म्हशी-कुत्र्यांचे, म्हणून आधी फोन करून विचारा की पक्षी बघता का. नसतील तर धुळ्याहून नाशिक गाडीने तीनेक तास, बॉक्स झाकून न्या, एसीचा झोत त्यावर नको. शेपटीचा व्हिडिओ, खालच्या कागदावरची शीट आणि वजन सोबत असू द्या. किराणाच्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून वजन होतं.

नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या बजीला अ जीवनसत्त्व कमी पडून नाकाचा त्रास होतो, आणि आयोडीन कमी पडलं की गळ्यातली ग्रंथी सुजून श्वासनळी दाबते, ती टिकटिक त्याचीही असू शकते. अ जीवनसत्त्वासाठी रोज थोडी मेथी, कोथिंबीर, गाजराचा कीस. आणि घरात कोणाला ताप-खोकला असेल तर स्वतःच्या डॉक्टरला "घरी पोपट आहे" हे नक्की सांगा, सिटॅकोसिस हा फुफ्फुसाचा संसर्ग पक्ष्याकडून माणसाला होतो. पक्ष्याला त्यासाठी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक बहुतेक वेळा 45 दिवस चालतं, दहाव्या दिवशी गाणं म्हणायला लागला म्हणून बंद करू नका.

टिल्लूला मोकळ्या हवेच्या खोलीत उबेला ठेवलं, सकाळी डॉक्टरला दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याने काट्यावर 34 ग्रॅम दाखवून माझं बोट चावलं. भरीत आता गच्चीवर भाजतो, पिंजरा मागच्या खोलीत आणि खोलीचं दार बंद.