जुना खून, पुसट आठवण: कादंबरी लिहिण्याआधी फाइल बांधा

न उलगडलेल्या खुनावरच्या कादंबऱ्या बहुधा शेवटच्या पन्नास पानांत ढासळतात. नायिकेला एकाएकी सगळं आठवतं, खुनी सापडतो आणि वाचक चिडतो. चिडणारच, कारण लेखकाने त्याला कोडं सोडवायची संधीच दिलेली नसते. आठवणीने खून उलगडता कामा नये. तिने फक्त कुठे शोधायचं ते दाखवावं, आणि तेही थोडं चुकीचं.

म्हणून पहिल्या प्रकरणाआधी पोलिसांची जुनी फाइल स्वतः लिहून काढा. दहा-बारा पानं पुरतात. फिर्याद, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जबाब, जप्त मुद्देमालाची यादी आणि शेवटी 'अ' समरी. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही, असा हा अहवाल. खोट्या फिर्यादीसाठी 'ब' समरी असते. ती इथे घालू नका. या फाइलमध्ये दोन भोकं मुद्दाम ठेवा: कुणालाच न विचारलेला एक प्रश्न आणि जप्त न झालेली एक वस्तू. अख्खी कादंबरी या दोन भोकांवर उभी राहते.

तपास का फसला याचं कारण मात्र पटलं पाहिजे. आळशी फौजदार हे कारण फार स्वस्त आहे. समजा, खून 29 सप्टेंबर 1993 च्या रात्री तुळजापूरकडच्या एका गावात झाला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी, पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि आजूबाजूची सगळी यंत्रणा तिकडे धावली. पंचनामा उशिरा झाला, जागा तुडवली गेली, साक्षीदार नातेवाइकांच्या शोधात निघून गेले. इथे कुणी नालायक असण्याची गरज नाही.

तारीख ठरली की तिच्याशी प्रामाणिक राहा. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे त्या रात्री 'किर्र काळोख' लिहायचा असेल तर आधी ढग आणा. मोबाइल नाही, एसटीडी बूथ आहे. फाइलवर जिल्हा उस्मानाबाद, आजच्या प्रकरणांत धाराशिव.

आता आठवण. साक्षीदार मुलगी तेव्हा सहा वर्षांची असू द्या. तीनच्या आतलं मोठेपणी सहसा आठवत नाही, आणि दहाव्या वर्षी मूल बरंच समजून बोलतं. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांचे पाय आधी दिसतात: चप्पल, धोतराचा काठ, ओढत नेलेलं पोतं. नावं आणि कारणं तिला मागाहून मिळतात. वहीत चार रकाने आखा: खरं काय घडलं, तिने काय पाहिलं, नंतर घरात काय ऐकलं, आज ती काय सांगते. खरं नाट्य तिसऱ्या रकान्यात असतं. आपल्या उदाहरणात खून रात्री अकराच्या सुमारास झाला, पण ती शपथेवर सांगते की तेव्हा घर हलत होतं. दोन भीती एकमेकींत मिसळल्या आहेत. त्यामुळे आजचा तपास अधिकारी खुनाची वेळ पहाटेची धरतो, आणि अकरा वाजता जो एकटा होता, पण पहाटे चारचौघांत होता, तो सुटतो. ही चूक तुमचं मधलं शंभर पानांचं कथानक चालवते.

खोटी आठवण सांगणारा खोटारडा नसतो. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची बनावट गोष्ट सांगितली. साधारण चौथा हिस्सा लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. कॅलिफोर्नियात 1969 च्या एका खुनासाठी 1990 मध्ये मुलीच्या परत आलेल्या आठवणीवर तिच्या बापाला दोषी ठरवलं गेलं आणि 1995 मध्ये तो निकाल रद्द झाला. तिने सांगितलेले तपशील तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलेले होते. तेव्हा प्रत्येक तपशिलाला विचारा: हा हिला दुसरीकडून कळू शकला असता का? उत्तर 'नाही' येईल असा एकच तपशील ठेवा.

आपल्याकडे तो म्हणजे विहिरीत काहीतरी पडल्याचा ठणठण आवाज. विहीर उपसली की काय सापडेल? तीस वर्षं पाण्यात राहिलेल्या वस्तूवर रक्ताचा डीएनए मिळवून देऊ नका. लोखंड गंजून जाईल. पितळेची कळशी मात्र टिकते, आणि आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. गाळ खरवडल्यावर काठाखाली आडनावाची तीन अक्षरं दिसतात. तेवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, कारण भांडी लग्नाकार्यात गावभर फिरतात. कळशी कुणी नेली होती हा प्रश्न सुटायला अजून दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक, जुन्या पंचनाम्यावर सही केलेला पंच, वारलेला असावा.

कायद्यात दोन चुका हमखास होतात. जुन्या खुनाला आज भारतीय न्याय संहितेचं कलम लावतात. ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे, 1993 च्या गुन्ह्याला भादंवि (भारतीय दंड विधान) 302 च. दुसरी चूक नार्को चाचणीची, म्हणजे औषधाच्या गुंगीत माणसाला बोलतं करण्याची. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालानंतर ती संमतीशिवाय करता येत नाही, आणि संमतीने केली तरी त्यात बोललेलं हा पुरावा नाही. संमोहनाचा प्रसंग हवाच असेल तर त्यातून आठवण आणखी बिघडू द्या.

पहिला खर्डा झाला की आठवणीचे सगळे तुकडे वेगळे छापून ओळीने वाचा. प्रत्येक वेळी एखादी गोष्ट बदललेली हवी: पोत्याचा रंग, चपलेचा आवाज, कोण आधी ओरडलं. ठणठण मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच, आणि पहिल्यांदा तो विसर्जनाच्या ताशांच्या वर्णनात दडवा, म्हणजे वाचक तो ऐकूनही पुढे जाईल.