अंगणवाडीच्या गरम आहाराचं बिल: गटाचा पैसा कुठे अडतो, कसा सुटतो

अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम आहार बचत गट शिजवून देतो. डाळ-तेल आधी गटाने आणायचं, सरकारचे पैसे मागून यायचे. अंगणवाडीचा आहार ठेकेदाराकडे देऊ नका, गावातल्या बचत गटांना आणि महिला मंडळांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सांगितलं. पण ठेकेदाराकडे असतो तसा मुनीम गटाकडे नसतो. बहुतेक गट महिना संपला की बिल लिहायला बसतात, आणि तोवर निम्मे आकडे हातून निसटलेले असतात. खरं बिल रोज जेवणाचा गंज (पातेलं) चुलीवरून उतरला की लिहायचं असतं.

आधी दर. केंद्राने २०१७ मध्ये ठरवून दिलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये आहे, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. नाश्ता आणि जेवण दोन्ही त्यातच. या पैशांत इंधन, दळण, वाहतूक यांतलं काय काय धरलं आहे, आणि शासनाकडून तांदूळ-गहू मिळत असेल तर त्याचं किती वजा होणार, हे गटाला मिळालेल्या कामाच्या आदेशात लिहिलेलं असतं. शेजारच्या गावातल्या गटाला काय मिळतं यावरून हिशेब मांडू नका. त्या आदेशाची झेरॉक्स गटाच्या फाइलीत पहिल्या पानावर लावा आणि दर बदलल्याचं पत्र आलं की त्यामागे जोडा, कारण जुन्या दराने काढलेलं बिल परत येतं.

पैसे पटावरच्या मुलांचे मिळत नाहीत, जेवलेल्या मुलांचे मिळतात. समजा पटावर २८ मुलं आहेत आणि महिन्यात अंगणवाडी २४ दिवस भरली. २८ गुणिले २४ करून ६७२ लिहाल तर बिल त्याच दिवशी संशयात पडेल. रोजच्या हजेरीची बेरीज करा. ती ५०३ आली आणि त्यातल्या दोन तीव्र कुपोषित मुलांची हजेरी मिळून ४१ असली, तर ४६२ गुणिले ८ म्हणजे ३,६९६ रुपये आणि ४१ गुणिले १२ म्हणजे ४९२ रुपये. एकूण ४,१८८. कुपोषित मुलांची ओळ वेगळी दाखवा. एकाच ओळीत ५०३ लिहिलं की त्या दोन मुलांचे १६४ रुपये गटाच्या खिशातून जातात, आणि ते कुणी आपणहून आणून देत नाही.

हजेरीचा आकडा तीन ठिकाणी सारखा हवा: सेविकेच्या आहार वाटपाच्या रजिस्टरमध्ये (नव्या पद्धतीत ते ३ क्रमांकाचं), सेविका रोजची नोंद भरते त्या सरकारी पोषण ट्रॅकर ॲपवर आणि गटाच्या स्वतःच्या वहीत. ही तिसरी वही बहुतेक गट ठेवतच नाहीत. शंभर पानी साधी वही घ्या. तारीख, हजर मुलं, त्यांतली तीव्र कुपोषित, काय शिजवलं, किती तांदूळ-डाळ-तेल लागलं, सेविकेची सही. रोज एक ओळ, दोन मिनिटांचं काम. दर शनिवारी सेविकाताईंसोबत बसून तिन्ही आकडे जुळवा. सोमवारचा फरक शनिवारी सापडतो, महिन्याच्या शेवटी तो कुणालाच आठवत नाही. मेळघाटात, भामरागड-एटापल्लीकडे रेंज नसल्याने ॲपवरची नोंद राहून जाते. अशा दिवशी रजिस्टरच्या शेऱ्यात कारण लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात पर्यवेक्षिकेच्या कानावर घाला. महिनाभराने सांगितलेलं कारण बहाणा वाटतो.

आकडा रोज सारखाच दिसला तर तो खोटा धरला जातो, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे हजेरी शेतीच्या चालीने चालते. जूनच्या पेरणीत आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला किंवा धान कापायला बाया निघाल्या की लहान पोरं सोबत जातात. गोंदिया-गडचिरोलीत मोहफुलं पडू लागली की सकाळची अंगणवाडी अर्धी रिकामी होते. वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब दोन-चार महिने फिरकत नाही. हे सगळं आकड्यांत उतरलं पाहिजे. तान्ह्या पोळ्याला स्थानिक सुट्टी असताना २६ मुलं जेवली असं लिहिलेलं रजिस्टर तपासणीत हमखास पकडलं जातं. महिना सुरू होतानाच सेविकेकडून सुट्ट्यांच्या तारखा वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर उतरवून घ्या.

हजेरीइतकाच अडतो तो साठा. शासनाचा तांदूळ आला असेल तर आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा वापर, बरोबर अखेरची शिल्लक, हे गणित साठा रजिस्टरमध्ये जुळलंच पाहिजे. वापर अंदाजाने लिहू नका. पाककृतीच्या तक्त्यात मुलामागे ५० ग्रॅम तांदूळ दिला असेल आणि २१ मुलं हजर असतील, तर १ किलो ५० ग्रॅम. रोज सरसकट दीड किलो लिहिला की हजेरी आणि साठा एकमेकांशी भांडू लागतात. मापासाठी ठरलेला डबा ठेवा आणि तो एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणा. पावसाळ्यात सोंड्याने खराब झालेलं धान्य गुपचूप फेकू नका. सेविकेसमोर तोला आणि साठा रजिस्टरमध्ये घटीची नोंद करून तिची सही घ्या, नाहीतर ती घट गटाच्या माथी येते. उन्हाळ्यात खिचडी फार आधी शिजवून ठेवली की आंबते. टाकून दिलेल्या जेवणाचे पैसे मागता येत नाहीत.

महिना संपला की पहिल्या आठवड्यात बिल द्या. सोबत गटाच्या लेटरहेडवरचं मागणीपत्र, तारीखवार हजेरीचा तक्ता, सेविकेचं प्रमाणपत्र, किराणा-भाजीच्या पावत्या आणि साठ्याचा गोषवारा लावा. गावच्या बाजारात भाजीची पावती मिळत नाही, तेव्हा खर्चाचं व्हाउचर करून विकणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या. पाच हजारांवरच्या पैसे मिळाल्याच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. कोऱ्या पावतीवर सही मात्र कुणालाही देऊ नका, मागणारी व्यक्ती कितीही ओळखीची असो. सेविका, पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प कार्यालय, असा कागद वर चढतो. प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. बिल हरवलं असं कुणी म्हणालं तर हीच प्रत कामी येते.

मंजूर झालेलं बिलही बँकेत अडकतं. पैसे पीएफएमएसमधून (सरकारी पैसे खात्यात पाठवायची ऑनलाइन व्यवस्था) थेट गटाच्या खात्यात येतात आणि तिथे नाव, खाते क्रमांक किंवा आयएफएससी (बँक शाखेचा कोड) चुकला की व्यवहार परत फिरतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अलाहाबाद बँकेची खाती २०२० मध्येच इंडियन बँकेकडे गेली. जुनं पासबुक पुढे करू नका. शाखेतून आजचा आयएफएससी असलेलं पासबुक घ्या आणि पहिल्या पानाची झेरॉक्स कार्यालयात पोचसह द्या. अध्यक्ष-सचिव बदलल्या तर ठराव आणि नव्या सह्या बँकेत लगेच नोंदवा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, हेही ध्यानात असू द्या.

सगळं चोख असूनही पैसे उशिरा येतात. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो पैसा ठरल्या कामाला खर्च झाल्याचा कार्यालयाचा दाखला, वर गेल्याशिवाय पुढचा निधी सुटत नाही, म्हणून एप्रिल-मेची बिलं हमखास रखडतात. वरच्या हिशेबाच्या अंगणवाडीला तीन महिन्यांचे साडेबारा हजार रुपये हाताशी लागतात. ते गटाच्या बचतीतून घ्यायचे तर ठराव लिहा आणि परतीची तारीख घाला. उधारीच्या किराण्यात दुकानदार भाव चढवतो, आणि ८ रुपयांत तो चढ मावत नाही.

दोन-तीन महिने उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नका. ‘अमुक महिन्याचं बिल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आलं, त्यावरच्या शेऱ्याची प्रत द्या’ असं विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा त्याआधीच बिल पुढच्या टेबलावर सरकलेलं असतं.