लॉन्ड्रीत नवीन लागलात? आधी काउंटर शिका

मशीनची घाई नका करू. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात नवीन आलेला पोरगा पहिल्या दिवसापासून मशीनकडेच बघत बसतो, पण भांडणं होतात ती काउंटरवर, आणि त्यातली निम्मी कपडा घेतानाच टाळता येतात.

गिऱ्हाईक समोर असतानाच कपडा उलगडून उजेडात बघायचा. खिसे उलटे करा, एक पेन राहिलं तर अख्खा लॉट निळा होतो. उसवलेलं अस्तर, निघालेली जर, कसरीची भोकं, तुटकं बटण, जे दिसेल ते पावतीवर लिहायचं आणि त्यांना दाखवायचं. सूट असेल तर कोट-पँट दोन्ही मागून घ्या, कारण एकटा कोट सारखा धुतला की रंग थोडा उतरतो आणि मग जोडी जुळत नाही.

मग डाग. कशाचा, कधीचा, घरी काय लावलं, हे तीन प्रश्न विचारायचेच, लोक लाजतात पण सांगतात. ड्रायक्लीनिंग कोरडं नसतं, कपडा द्रवातच भिजतो, फक्त ते पाणी नसतं, पेट्रोलच्या जातीचं नाहीतर पर्क, म्हणजे पर्क्लोरोएथिलीन नावाचं रसायन असतं. त्यामुळे तेल-तूप निघतं, पण घाम, मीठ, साखर जशीच्या तशी राहते, ती आधी पाण्याने स्पॉटिंग करून, म्हणजे डागापुरतंच साफ करून काढावी लागते. साखरेचा डाग तर महाबेरकी, सरबत सांडलेलं वाळल्यावर दिसतच नाही आणि इस्त्रीची उष्णता लागली की तपकिरी होऊन वर येतो, मग गिऱ्हाईक म्हणतं डाग तुम्हीच पाडला!

रक्ताला कायम गार पाणी, गरमने ते पक्कं बसतं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, घाबरू नका, पांढऱ्या सुती कपड्यावरची उन्हात बरीच उडते. सिल्कवरची जाईलच असा शब्द मात्र देऊ नका. सिल्क आणि लोकरीला क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही, धागाच खातं ते. रंग जातोय का बघायला आतल्या शिवणीवर ओला पांढरा फडका दाबून धरा.

लेबलवरच्या गोलात पी असेल तर पर्क चालतं, एफ असेल तर पेट्रोलवालंच, गोलावर फुली असेल तर ड्रायक्लीनच नाही. टिकल्या चिकटवलेल्या असतील तर लेबल काहीही म्हणो, आधी मालकाला विचारा, गोंद सुटतो.

आता तुमच्या जिवाचं. पर्कची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून एक्झॉस्ट खालच्या बाजूलाही हवा आणि मशीनच्या दारात वाकून तोंड घालायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते कॅन्सरला बहुधा कारण ठरणाऱ्या रसायनांत धरलंय, तेव्हा जुने लोक हसले तरी हातमोजे घाला. डोकं जड झालं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत. विडी-सिगरेट आत अजिबात नाही, पेट्रोल पेट घेतं आणि पर्कची वाफ जाळावर गेली तर विषारी वायू होतो.

इस्त्रीत जरीला उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून. मखमलीला दाबायचंच नाही, वरून नुसती वाफ.

देताना पिशवीत घालण्याआधी नाक लावा. वास येतोय म्हणजे पर्क अजून आत आहे, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, एक दिवस हँगरला टांगून ठेवा.