एका दिवसात लळिंग, सोनगीर आणि थाळनेर

धुळ्याहून एका दिवसात तीन किल्ले पाहायचे तर सुरुवात लळिंगपासून करा. खरी चढण तिथेच आहे आणि खान्देशातलं ऊन नऊनंतर दया करत नाही. पायथ्याच्या गावातलं जुनं दगडी महादेव मंदिर चुकवू नका. प्यायचं पाणी घरूनच न्या, माणशी दोन लिटर तरी हवंच.

मग धुळं ओलांडून आग्रा रोडनेच उत्तरेला सोनगीर. किल्ला छोटा, तासाभरात होतो. गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर आहेत, तिथे जरूर थांबा.

दुपार उतरायच्या आत मात्र थाळनेर गाठा. तापीकाठचा हा किल्ला बराच ढासळलाय, म्हणून अनेक जण तो गाळतात. मला ते पटत नाही. फारुकी सुलतानांची सत्ता 14व्या शतकात इथूनच उभी राहिली, आणि त्यांच्या कबरींवरचं कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखं आहे. 1818 मध्ये इंग्रजांशी झुंजलेला किल्लाही हाच.

पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंत निघा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली असते. जेवणात कळण्याची भाकरी आणि भरीत मिळालं तर दुसरं काही मागवू नका.