ईसीजीवर ठोके मोजताना

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यातली रात्रपाळी. एका आजोबांचा ईसीजी हातात आला. दोन आर-लाटांमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांमध्ये, आठ मोठे चौकोन. तीनशे भागिले आठ, म्हणजे जेमतेम ३७! सिनियरला फोन लावायला मी धावले. आजोबा मात्र खाटेवर मांडी घालून चहात बिस्कीट बुडवत होते. सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं. "डॉक्टर, नाडी पंच्याहत्तर लागतेय. कागदाचा स्पीड बघितलात का?" कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं होतं: ५० मिमी प्रति सेकंद.

एरवी कागद सेकंदाला २५ मिमी पळतो. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा, म्हणून मिनिटाला मोठे तीनशे आणि लहान दीड हजार. स्पीड दुप्पट झाला की तीनशेच्या जागी सहाशे धरायचे. तेव्हापासून माझी नजर आधी कोपऱ्यात जाते, मग लाटांवर.

झटपट अंदाजासाठी जाड रेघेवर (मोठ्या चौकोनाच्या कडेवर) बसलेली आर शोधा आणि पुढच्या जाड रेघांवर पाढा म्हणा: ३००, १५०, १००, ७५, ६०, ५०. पुढची आर जिथे पडेल, तो दर. ठोके जलद असतील तर हा पाढा दगा देतो, कारण एक चौकोन की दीड, एवढ्यात ३०० आणि २०० चा फरक पडतो. तिथे लहान चौकोनच मोजा. नऊ आले तर १५०० भागिले ९, साधारण १६७.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत असतात) प्रत्येक अंतर वेगळं असतं, तेव्हा एकाच अंतरावरून हिशेब करू नका. लीड टू, म्हणजे कागदावरची खालची लांब पट्टी घ्या, पन्नास मोठे चौकोन म्हणजे दहा सेकंद होतात याची खात्री करा, त्यातले क्यूआरएस (आर-लाट असलेले ठोक्यांचे टोकदार भाग) मोजून सहाने गुणा. सतरा आले तर १०२. मनगटावर याहून कमी लागतील; काही ठोके तिथवर पोचतच नाहीत.

मशीनने छापलेला आकडा मी अंगठ्याने झाकते. पोटॅशियम वाढून टी-लाट (क्यूआरएसनंतर येणारी लाट) उंच झाली की मशीन कधी कधी तिलाही ठोका समजतं आणि दर दुप्पट दाखवतं.

कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यांचे संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून पी (वरच्या कप्प्यांची लाट) आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचा ठोका) दोन्हींचे दर वेगवेगळे काढावे लागतात. पट्टीला कोऱ्या कागदाची कड लावून दिसणाऱ्या पी-लाटांच्या खुणा पेनने करा आणि कागद पुढे सरकवत न्या. न दिसणाऱ्या पी बरोबर खुणेवर सापडतात, कधी टी-लाटेच्या खांद्यावर, कधी क्यूआरएसच्या पोटात.